फाईल मॅडमकडं नाई

पंचायत समितीत कागदी फायली बंद झाल्या, तेव्हापासून वरिष्ठ लिपिक नानाजी बोरकुटे हर्षा रामटेकेशी धड बोलत नव्हता. हर्षा कार्यालयात नवी. संगणकावरचं काम सगळ्यांना शिकवायची जबाबदारी गटविकास अधिकारी पूनम मॅडमनी तिच्यावर टाकली होती.

"या लोकायले राखीव जागा भेटली का डोक्यावर बसतेत," नानाजी टपरीवर चहा पिताना म्हणाला. तिला ऐकू जाईल अशा बेतानं. हर्षानं ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

लच्छू मडावीचं घर हत्तींनी मोडलं होतं. घरकुलासाठी तो जंगलातल्या गावाहून चकरा मारत होता. दरवेळी नानाजी सांगे, "फाईल मॅडमकडं आहे."

त्या दिवशी हर्षानं आपला स्क्रीन लच्छूकडं वळवला. "काका, फाईल मॅडमकडं नाई. नानाजीभाऊकडं आहे. होळीपासून."

नानाजी उठून आला. "बाहेरच्या माणसाले स्क्रीन काऊन दाखवला?"

"बाहेरचा कसा? घर त्याचंच पडलं ना."

लच्छूचा आवाज चढला नाही. "लेकरं घेऊन ताडपत्रीखाली राहून राह्यलो मी. तू मले मॅडमचं नाव सांगत होता." तो नानाजीच्या टेबलासमोर फरशीवर बसला. शिपायानं ओरडत त्याचा दंड धरून ओढलं, तरी हलला नाही.

गलका ऐकून मॅडम बाहेर आल्या. "आत्ता पाठवा फाईल. माझ्यासमोर."

नानाजीला आपला पासवर्डही माहीत नव्हता. मॅडमनी फोनवरून तो नवा करवून घेतला. त्याचं बोट कळफलकावर अक्षर शोधत फिरलं. हर्षा शेजारी उभी होती. तिनं एकही अक्षर दाखवलं नाही.

लच्छूचं घरकुल पावसाआधी मंजूर झालं. पण बाहेरच्या माणसाला स्क्रीन दाखवला म्हणून नानाजीनं हर्षाविरुद्ध तक्रार केली आणि मॅडमनी तिला नोटीस दिली. माफी लिहून दे, प्रकरण मिटवू, असं सुचवलं. तिनं लिहिली नाही. तिची रवानगी मागच्या अभिलेख खोलीत झाली, जुने कागद स्कॅन करायला.

आठवड्यानं नानाजी त्या खोलीच्या दारात आला. "ते सही कुठी करा लागते?"

हर्षानं मान वर केली नाही. "स्क्रीनवर मराठीत लिहिलं आहे, भाऊ. वाचा."

तो दार आपटून गेला.