शेवटचा तास गणिताचा

"गणित सगळ्यात शेवटी का रे?" आत्याने विचारले. बाबा कपाटाच्या दारावर माझे नवे वेळापत्रक खळीने चिकटवत होते आणि ती कमरेवर हात ठेवून मागे उभी होती.

"अवघड विषय शेवटीच ठेवायचा असतो," बाबा म्हणाले. "आधी डोकं जरा तापू द्यावं लागतं."

"डोकं तापेपर्यंत तुझी छापखान्यात जायची वेळ होते. मग शिकवणार कोण, हे कपाट?"

मी खुदकन हसले. बाबांनी कागदाखाली अडकलेली हवा अंगठ्याने बाहेर सारली.

बाबा छापखान्यात प्रूफं वाचायचे. एका हाताला मूळ मजकूर, दुसऱ्या हाताला छापून आलेला कागद, आणि बोट ओळीवरून ओळीवर. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय जुळवलेल्या पानांचा फॉर्म छपाईच्या मशीनवर चढवत नसे. त्यांनी मला घरी शिकवायला घेतले त्याचे कारण मात्र मी होते. मला फिट यायच्या. वर्गात एकदा आली तेव्हा माझा फ्रॉक ओला झाला, आणि शुद्धीवर आले तर सगळा वर्ग भिंतीला चिकटून उभा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावले. इतर मुलं घाबरतात, काही दिवस हिला घरीच ठेवा, असे काहीतरी ते म्हणाले. बाबांचा पारा चढला. "काही दिवस कशाला? कायमचीच ठेवतो. घरी शिकून ही तुमच्या सगळ्यांच्या पुढे जाईल. तुमच्या शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही!" हे त्यांनी वऱ्हांड्यात, इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की घरी आल्यावरही बोटांचे ठसे दिसत होते.

पहिली काही वर्षे फार सुखाची गेली. आई सकाळीच कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला जायची, आत्या स्वयंपाकघरात भांडी आदळायची, आणि बाबा मला कविता शिकवायचे. इतिहास तर ते असा सांगायचे की आत्या हातातले काम टाकून उंबऱ्यात येऊन बसायची आणि हरलेल्या राजाला शिव्या द्यायची. तसा शिक्षक मला पुढे कधी मिळाला नाही.

अडचण आली ती विषय निवडायच्या वेळी. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांना दोन वाटा होत्या. भाषा सगळ्यांना सक्तीच्या. त्यापुढे एकतर गणित आणि विज्ञान, नाहीतर इतिहास आणि गृहशास्त्र. एकदा विषय कळवले की बदल नाही, आणि कळवायची मुदत महिनाअखेरची.

मला विज्ञान हवे होते. दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या एक बाई होत्या. सुई टोचल्यावर त्या मला उंच स्टुलावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, तुझंच आहे." सूक्ष्मदर्शकात माझे रक्त दिसायचे, बारीक बारीक गोल टिकल्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. मला त्या बाईंच्या खुर्चीवर बसायचे होते, बस्स. आणि त्या खुर्चीची वाट गणितातून जात होती.

"गृहशास्त्र घे," बाबा म्हणत. "घरी प्रयोग कसे करणार आपण? आणि इतिहासात तुझा हात कोण धरणार?"

"मला इतिहास आवडतो. पण मला त्या रक्त तपासणाऱ्या बाईंसारखं व्हायचंय."

"बघू. महिना आहे अजून."

मग बघूबघूत गणिताचा तास रोज आखडत जाई. कवितेला पाच मिनिटे जास्त लागत, इतिहासातली लढाई लांबत असे, आणि गणिताचे पुस्तक उघडले की बाबा घड्याळाकडे बघून चपला शोधू लागत. सुटीच्या दिवशी मात्र तास घ्यावाच लागे. तेव्हा ते सोडवलेल्या उदाहरणांचे पुस्तक डाव्या हाताला ठेवत, माझी वही उजव्या हाताला, आणि त्यांचे बोट ओळीवरून ओळीवर फिरे.

अशाच एका सुटीच्या सकाळी टाकीचे गणित होते. एक नळ टाकी दोन तासांत भरतो, दुसरा तीन तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? मी विचार केला, सहा तासांत पहिला तीन टाक्या भरील, दुसरा दोन. म्हणजे सहा तासांत पाच टाक्या. एकीला एक तास बारा मिनिटे. मला इतका आनंद झाला की मी उत्तराभोवती चौकट काढली.

बाबांनी माझ्या ओळींवरून प्रुफातली चुकीची ओळ खोडतात तशी आडवी रेघ मारली आणि समासात खूण केली.

"उत्तर तेच आलंय की, बाबा!"

"उत्तर आलंय. ओळी जुळत नाहीत."

"कशाशी?"

"पुस्तकाशी. यात अपूर्णांकांची बेरीज आहे. तुझ्यात ती नाहीच."

"पण माझी रीत चूक कुठंय?"

बाबा पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. बोट पुस्तकावर, बोट वहीवर. मी उत्साहाच्या भरात पुढे विचारले, "बरं, टाकीला खाली गळकी तोटी असली तर? भरतंय पण आणि गळतंय पण. तर मग कसं करायचं?"

"पुस्तकात नाही ते कशाला उकरतेस?"

"पण परीक्षेत आलं तर?"

बाबांच्या कपाळावर घाम दिसला. त्यांनी पान उलटले, परत मागे उलटले. त्या हालचालीवरून मला सगळे कळले, आणि कळले नसते तर बरे झाले असते, असे वाटले. मी पटकन म्हणाले, "जाऊ दे बाबा, मी गृहशास्त्रच घेते. मला आवडेल."

"तू गप गं भवाने!" आत्या दारातून कडाडली. हातातली परात तिने तशीच जमिनीवर ठेवली. "आणि तू रे? येत नाही म्हणून सांग की पोरीला. जीभ झडते का? झाकली मूठ किती दिवस झाकून ठेवणार आहेस? तिचं आयुष्य आहे त्या मुठीत!"

"ताई, तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडू? पडलास तू. पडलास तरी नाक वरच!"

बाबा उठले. खुंटीवरचा शर्ट त्यांनी अंगात घातला, बटणे वरखाली लागली, सोडवून पुन्हा लावली. मग जिन्यात जाऊन पायरीवर बसले. आई बाजारातून आली तेव्हा तिला त्यांना ओलांडून वर यावे लागले. पिशवी ठेवून ती परत खाली गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. ती दोघे काय बोलली ते मला ऐकू आले नाही. मी वहीतली ती चौकट खोडरबराने घासत राहिले, कागद फाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन शाळेत गेले. नाक मुठीत धरून जाणे म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिले. बाबांनी दाढी इतकी खरडून केली होती की हनुवटीवर रक्त होते. मुख्याध्यापकांनी त्यांना बसा म्हटले नाही. मी दाराशी उभी होते.

"तुम्हीच म्हणाला होतात, पुन्हा या शाळेची पायरी चढणार नाही."

"म्हणालो होतो."

"मग?"

"चढलो." बाबांनी घसा खाकरला. "हिला गणित-विज्ञान घ्यायचंय. मला गणित येत नाही. मी आजवर उत्तरं नुसती पुस्तकाशी जुळवून बघत आलो."

खोलीत गणिताचे सर होते. लांब पाय फाकून उभे राहायचे, म्हणून मुले त्यांना कंपास म्हणत. त्यांनी माझी वही मागून घेतली, रेघ मारलेले ते टाकीचे गणित वाचले आणि म्हणाले, "ही रेघ कुणी मारली?"

"मी," बाबा म्हणाले.

कंपाससरांनी वही हळूच मिटली. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर मला सोपे गेले असते.

शाळा सुटल्यावर सर कच्च्या मुलांचा गणित-विज्ञानाचा जादा तास घेत. त्यात मला बसू द्यायचे ठरले. "पण फिट आली तर जबाबदारी आमची नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "घरचं माणूस रोज सोबत बसलं पाहिजे."

आईचा कारखाना सुटायचा नाही, आत्याला घरचा जिना रोज चढउतार करवत नसे. बाबांनी छापखान्याच्या मालकाला विनवून सकाळची पाळी घेतली. कपाटावरचे वेळापत्रक ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढले आणि नवे आखले. आता संध्याकाळी भाषा आणि परीक्षेला नसला तरी इतिहास, आणि गणिताच्या शेवटच्या रकान्यात काहीच नव्हते. विषय कळवायच्या कागदावर त्यांनी गणित आणि विज्ञान मलाच लिहायला लावले.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा सगळ्या माना वळल्या. भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या मुलींपैकी दोघी समोरच होत्या. मी मधल्या बाकावर बसले. बाबा शेवटच्या बाकावर. गुडघे आत मावेनात, म्हणून पाय बाहेर काढून ते तिरके बसले. "हिचे बाबापण नापास झालेत वाटतं," कुणीतरी कुजबुजले आणि खसखस पिकली. माझे कान तापले. मी मागे वळून पाहिले नाही.

सरांनी फळ्यावर एक समीकरण सोडवले. सरसर पाच-सहा ओळी झाल्या. मला काही कळले नाही. शेजारणीलाही कळले नसावे, ती नुसती उतरवून घेत होती.

"कुणाला कळलं नाही?" सरांनी विचारले.

वर्ग गप्प. मीही गप्प. हात वर करायचा म्हणजे सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडेच बघायचे. सरांनी डस्टर उचलले.

शेवटचा बाक करकरला. बाबा उभे राहिले असावेत.

"सर, मला कळलं नाही."

कुणीतरी हसायला सुरुवात केली, पण ते हसू अर्ध्यात थांबले. सर डस्टर धरून तसेच उभे होते.

"कुठपासून?"

"पहिल्या ओळीपासून."

सरांनी फळा पुसला आणि पहिली ओळ पुन्हा लिहायला घेतली, या वेळी सावकाश. पुढच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या, पेन्सिली चालू लागल्या. माझीही.