पेटीतला वाटा

पेणच्या त्या हाडांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन डॉक्टर हर्षद करत, पण माणूस ऑपरेशनला तयार झालाय की नाही हे अनिता सिस्टर ठरवायची. कागदावर सही डॉक्टरांची असे. मात्र अकरा वर्षांत अनिताने "थांबा" म्हटलेला एकही पेशंट त्यांनी टेबलावर घेतला नव्हता. तिची एक छापील यादी होती, अठरा प्रश्नांची. वय, वजन, साखर, बीपी, आधीची ऑपरेशनं, चालू औषधं. ती यादी ती घाईत कधी भरत नसे. तरीही सुरैय्याच्या यादीत चूक झाली होती, आणि ती चूक तिच्या स्वतःच्या अक्षरात होती.

सुरैय्या रोह्याला लागून असलेल्या वरसेची. वय अडुसष्ट, अंगाने हडकुळी, दोन्ही गुडघे झिजून आत वळलेले. नमाजही ती दोन वर्षं खुर्चीवर बसून पढत होती. मुलगा नावेद कुवेतला. बारा दिवसांची रजा काढून तो शनिवारी आला होता आणि गुरुवारी दोन्ही गुडघे एकदम बदलायचे ठरले होते. एका रजेत दोन गुडघे, हा हिशोब नावेदचा. डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं, रक्त कमी पडलं तर मात्र द्यावं लागेल, एवढं बजावलं होतं. सुरैय्याचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ होतं आणि रक्तगट बी निगेटिव्ह. दोन पिशव्या अलिबागहून यायच्या होत्या. त्यांच्या बदल्यात रक्त द्यायला नावेदने चार नातेवाईक उभे केले होते. त्यातला फैजल तर डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट बदलून येणार होता.

मंगळवारी सकाळी शेवटच्या तपासणीला अनिताने सुरैय्याच्या कोपराच्या खाचेतून रक्त घेतलं, कापूस ठेवला आणि हात दुमडायला सांगितलं. दोन मिनिटांनी पाहिलं तर कापूस लाल. नवा ठेवून तिने स्वतः अंगठ्याने दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, सहा झाली. अंगठा उचलला की बारीक लाल टिपूस पुन्हा वर येई.

मग तिने बाही वर सरकवली. दंडावर दोन आणि मनगटाच्या वर एक, असे निळे-जांभळे डाग होते.

"हे कशानं, चाची?"

"भांडी घासताना लागतं गो. म्हातारं कातडं हाय."

अनिताने गेल्या आठवड्यात स्वतः भरलेली यादी काढली. चालू औषधं या रकान्यात "बीपीची एक, सकाळी" असं लिहिलेलं होतं. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. सुरैय्याने तेच उत्तर दिलं. दुसरं काही? नाय. पेनकिलर? नाय. आयुर्वेदिक, काढा, चूर्ण? नाय गो, औषध घेतंय कुठं मी. नावेद बाजूला उभा होता. आपलं हे सगळं घरी विचारून झालंय, असं त्याने जरा ठसक्यात सांगितलं. सिस्टरला त्याच्या आईपेक्षा कापसावर जास्त भरवसा दिसतोय, असंही वर जोडलं.

अनिताने कापूस पुन्हा दाबून धरला. तिचं माहेर वरसेलाच, त्याच वस्तीच्या मागच्या अंगाला. लहानपणी समोरच्या घरी आखातातून पेटी आली की तिची आई हातातलं काम टाकून जाई. दोरी सोडून पेटी उघडायची, ओसरीवर वाटे पडायचे, आणि हिंदू-मुसलमान न पाहता आळीतल्या प्रत्येक घरात काही ना काही जायचं. साबण, बदाम, दुधाच्या पावडरीचा डबा, डोकेदुखीचा बाम. वाटा नाकारणं म्हणजे भांडण काढणं. आणि वाट्यात आलेली वस्तू कोणी विकत आणलेली नसे, त्यामुळे ती घरच्या कुठल्याच मोजणीत येत नसे. अनिताच्या आईनेही खोकल्याची अशी एक बाटली वर्षभर वापरली होती, आणि डॉक्टरने विचारल्यावर औषध घेत नाही असंच सांगितलं होतं.

तिने यादी बाजूला ठेवली.

"चाची, घरात शेवटची पेटी कधी फुटली?"

सुरैय्याचा चेहरा उजळला. चार महिने झाले, ती म्हणाली. इकबालच्या मुलाने कतारहून पाठवली होती. इकबाल म्हणजे तिचा धाकटा दीर. त्यात काय काय होतं ते तिला तोंडपाठ होतं. खजूर होते, संत्र्याच्या सरबताची पावडर होती, सुनांना कापड होतं.

"आणि इकबालनं त्याच्या वाट्यातल्या ताकदीच्या गोळ्या मला दिल्या. त्याला लई गुण आला. रक्त साफ होतं, गुडघ्याला बरं पडतं म्हणाला."

"रोज घेता?"

"दुधाबरोबर, संध्याकाळी. कालची पण घेतली. चुकवत नाय मी."

गोळ्या तिच्या पर्समध्येच होत्या, अत्तराच्या रिकाम्या डबीत, एका पट्टीचे कापलेले तुकडे. गुलाबी, गोल. तुकड्याच्या मागे अरबी आणि इंग्रजी अक्षरं होती. अनिताने एकदाच वाचलं आणि पट्टी नावेदच्या हातात दिली.

नावेद आधी व्हिटॅमिन असेल म्हणाला. मग त्याने फोनवर नाव टाकून पाहिलं आणि त्याचा ठसका गेला. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेल्या माणसाला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी होती. इकबालला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला होता. मुलगा सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या पाठवायचा, घरात त्यांचा साठा होता. साठा होता म्हणून वाटा पडला.

अनिताने बोटांवर मोजून सांगितलं. वय, किरकोळ अंग, आधीच कमी असलेलं रक्त, दोन गुडघे एकाच दिवशी, आणि त्यावर ही गोळी. यातलं एखादं असतं तर सांभाळून घेतलं असतं. पाचही एकत्र असताना गुरुवारी हात लावायचा नाही. शिवाय भुलीची सुई पाठीच्या कण्यात द्यायची. तिथे आत रक्त साकळलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. गोळी बंद करून सात दिवस जायला हवेत, आणि तोवर हिमोग्लोबिनही वर आणायला हवं.

सात दिवसांनी नावेदचं विमान होतं. त्याने शांतपणे बोलायचा प्रयत्न केला. पिशव्या येतायत. द्यायला चार माणसं उभी आहेत, सांगितलं तर चाळीस उभी करतो.

"दाद, द्यायला चाळीस जण आहेत म्हणून चाचीचं रक्त सांडू द्यायचं नाही," अनिता म्हणाली. "परक्याचं रक्त अंगात जातं तेव्हा ताप येतो, रिअॅक्शन येते, जखम चिघळायची भीती वाढते. लागलंच तर देऊ, मागेपुढे पाहणार नाही. पण न लागता ऑपरेशन पार पडलं तर ते सगळ्यात चांगलं. आणि तसं पार पाडता येतं. मी पार पाडलेलं आहे."

दाद म्हणजे भाऊ, हे वरसेच्या मुलीला सांगावं लागत नव्हतं. नावेद खाली बसला.

तिने त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. औषधांचा रकाना मी भरला होता आणि तो चुकीचा भरला, असं आधी सांगितलं, मग बाकीचं. पलीकडून डॉक्टरांनी एवढंच विचारलं की तिचं म्हणणं काय. तीन आठवडे पुढे, ती म्हणाली, आणि एकावेळी एकच गुडघा. कृत्रिम सांधे आणून ठेवलेत ते कपाटात राहतील, खराब होत नाहीत, असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

दुपारी इकबाल स्वतः गाडी चालवत रोह्याहून आला. वडखळच्या ट्रॅफिकवर आणि पुतण्यावर मिळून चिडलेला होता. आपण भाभीला विष दिल्यासारखं सगळे का बघतायत, असं त्याचं म्हणणं. स्वतःला गुण आलेली वस्तू घरात ठेवायची आणि थोरल्या भावाच्या बायकोला वगळायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. अनिताने त्याला चहा दिला आणि गोळी काय करते ते समजावलं. त्याचा रंग उतरला.

"म्हणजे ही इतकी वाईट हाय? मग मी पण आजपासून बंद."

"तुम्ही एक दिवस पण बंद करायची नाही," अनिता म्हणाली. इतका वेळ न चढलेला तिचा आवाज इथे चढला. "तुमच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांच्या नाही. तुम्ही बंद केलीत तर त्यांच्याआधी तुम्हाला इथं आणावं लागेल. तुमची गोळी तुम्ही घ्यायची, वाटायची नाही. खजूर वाटा."

सुरैय्या हसली. सकाळपासून पहिल्यांदा. नावेद मात्र अजून तारखांतच अडकला होता. कंपनी रजा वाढवून देणार नाही, ऑपरेशनच्या वेळी आपण हजार मैलांवर असू, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"तू जवळ असलास म्हणून माझं रक्त वाहायचं थांबणार हाय का?" सुरैय्याने विचारलं. "जा तू. इकबाल आणील मला. त्यानंच करून ठेवलंय, त्यालाच फेऱ्या मारू दे."

आणि इकबालने फेऱ्या मारल्या. गोळी त्याच दिवशी बंद झाली. पाच दिवसांनी कोपराचा कापूस दोन मिनिटांत कोरडा निघाला. लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून दोनदा दिलं, दोन्ही वेळा अर्धा तास अनिता स्वतः शेजारी बसली. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही म्हणून जेवणानंतरचा चहा तिने बंद करायला लावला. सुरैय्याने गुडघ्यापेक्षा जास्त तक्रार त्या चहाबद्दल केली. नावेद रोज फोनवर आकडा विचारायचा. दहा पूर्णांक चार. अकरा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अकरा पूर्णांक सहा.

एका पिशवीवर भागेल असं अनिता म्हणाली होती. अलिबागहून ती पिशवी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आली, थंड पेटीत, आणि रक्ताच्या फ्रिजमध्ये गेली. ऑपरेशनला सव्वा तास लागला. रक्तस्राव कमी ठेवायचं औषध सुरुवातीलाच शिरेतून दिलं होतं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी रक्ताबद्दल काही विचारलंच नाही, आणि त्यावरून फारसं रक्त गेलेलं नाही हे अनिताला कळलं. तरी तिने संध्याकाळपर्यंत दर तासाला पट्टी, नाडी आणि बीपी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन होतं. आठच्या खाली गेलं तर पिशवी लावायची, असं ठरलेलं होतं.

दहा वाजता सुरैय्या वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेली. इकबालने फोन समोर धरला होता आणि कुवेतमध्ये नावेद जेवणाची सुट्टी नसताना कुठल्या तरी जिन्यात उभा राहून बघत होता. आई दारापाशी पोचली तेव्हा त्याने फोन चेहऱ्यासमोरून बाजूला घेतला. इकडे जिन्याची भिंत तेवढी हलताना दिसली. फैजलला मात्र वाईट वाटलं होतं. शिफ्ट बदलून त्याने रक्त दिलं होतं आणि ते कोणाच्या कामाला आलं ते कळायला मार्ग नव्हता.

फ्रिजमधली पिशवी पुन्हा थंड पेटीत भरून अनिता दारापाशी आली. रक्तपेढीची गाडी खाली थांबली होती.

"ते माझं होतं ना गो?" सुरैय्याने विचारलं.

"तुमच्यासाठी आणलेलं. आता परत जाईल. तुमच्या गटाचा दुसरा कोणी असेल त्याला मिळेल."

सुरैय्याने वॉकरवरचा एक हात सोडून पेटीच्या झाकणावर क्षणभर ठेवला.

"मग माझा वाटा त्याला द्या," ती म्हणाली, आणि पलंगाकडे वळायला लागली.