अंत नसलेल्या फेऱ्या

डेटेलिन एखाद्याशी गोड बोलायला लागला की आमच्या ऑफिसात बाकीचे सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसतात. त्या बुधवारी तो कामेनशी गोड बोलत होता.

कामेन आमच्याकडे उमेदवारीवर होता. वय पंचेचाळिशीपुढचं. स्मोल्यानकडच्या डोंगरात एका शाळेत गणित शिकवायचा. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, तेव्हा हा प्रोग्रामिंग शिकून इकडे शहरात, प्लोव्दिवला आला. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. कायम झालास की येऊ, तोवर नाही, असं बायकोने बजावलं होतं. हे त्याने आल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं. असलं काही ऑफिसात सांगू नये, आमच्या टीमचा प्रमुख असलेल्या डेटेलिनसमोर तर मुळीच नाही.

काम एका बस कंपनीच्या वेळापत्रकाचं होतं. डेटेलिनने पूर्वी केलेल्या तक्त्यात वर्षभराच्या फेऱ्या दर जानेवारीत कुणीतरी बसून भरायच्या, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. कामेनने तो तक्ताच काढून टाकला आणि एक चिमुकलं फंक्शन लिहिलं. त्याला एक फेरी द्या, ते पुढची सांगतं. त्यातून फेऱ्यांची रांग तयार होते. तिला अंत नाही आणि तरीही काही अडत नाही, कारण ती रांग पक्की आळशी आहे. मागाल तेवढंच देते, न मागितलेलं मोजायच्या भानगडीत पडत नाही. आमच्या मालकांनी सगळ्यांसमोर कामेनची पाठ थोपटली. डेटेलिननेही टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

तर बुधवारी तो कामेनच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कामेनने लिहिलं होतं: फेऱ्या घेत जा, पुढच्या वर्षाची पहिली फेरी दिसली की थांब. डेटेलिन म्हणाला, त्यापेक्षा या वर्षाच्या तेवढ्या गाळून घ्या, आपल्याकडे असंच लिहितात. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण गाळणीला वर्ष संपल्याचं कळत नाही. ती पुढच्या वर्षात शोधते, मग त्याच्या पुढच्या, आणि अंत नसलेल्या रांगेत शोधतच राहते. ही चूक आमच्या धंद्यात प्रत्येकजण एकदा करतो आणि पुन्हा करत नाही.

"हे लटकेल," मी तिथल्या तिथे म्हणाले.

"झोर्नित्सा, मास्तरांना कुणी वर्गात उत्तर सांगतं का?" डेटेलिन हसला. चालवून बघायचं माझ्यावर सोडा, असं त्याने कामेनला सांगितलं. कामेनने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ओळ बदलली. जेवताना मी त्याला पुन्हा छेडलं. तो म्हणाला, त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल, शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र मिळायचंय, आज कशाला वाद घालू. मला इतका राग आला की मी सूप अर्धवट टाकून उठले.

शुक्रवारी कामेन इस्त्रीचा शर्ट घालून, चॉकलेटांचा मोठा डबा घेऊन आला. आनंदाची बातमी असली की ती ज्याची, त्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं. टेबलाटेबलाशी जाऊन तो सांगत होता की बायको आणि मुलगी सामानासकट बसमध्ये बसल्यात, संध्याकाळी पोचतील. बोलावून घ्या त्यांना, असं डेटेलिननेच आदल्या दिवशी म्हटलं होतं. डेटेलिनने डब्यातली दोन उचलली.

दुपारी बस कंपनीच्या इलिएवाबाई आल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कामेनने बटण दाबलं. छोटं चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. बाईंनी कॉफी संपवली, पर्स उघडून बंद केली, घड्याळ पाहिलं. "उमेदवाराचं काम आहे, बाई, माफ करा," डेटेलिन म्हणाला आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आला.

ती ओळ डेटेलिनने घालायला लावली, हे मी मालकांना तोंडावर सांगितलं. डेटेलिन मुळीच चिडला नाही.

"मास्तर, हे लटकणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," कामेन म्हणाला.

"मग लिहिलंत कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

डेटेलिन मालकांकडे वळला. "ठाऊक नसतं तर शिकवलं असतं. ठाऊक असून लिहिणाऱ्याचं मी काय करू?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पत्राचा विषय कुणी काढला नाही. सोमवारपासून येऊ नका, एवढंच ते म्हणाले.

कामेनने आपला कप आणि स्वेटर पिशवीत भरला. बस यायला थोडा वेळ होता. डब्यात काही चॉकलेटं उरली होती. मुलीसाठी नेतो, म्हणत त्याने हात पुढे केला, तर डेटेलिनने झाकणावर पंजा ठेवला.

"वाटलेलं कुणी परत नेतं का, मास्तर? अपशकुन होतो."

कामेनने हात मागे घेतला. मास्तर होता ना, सांगितलेलं ऐकायची सवय. जाताना त्याने माझे आभार मानले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात डेटेलिनने कामेनची मूळची ओळ जशीच्या तशी परत घातली, स्वतःच्या नावावर. इलिएवाबाई पुन्हा आल्या. बटण दाबताच वर्षभराच्या फेऱ्या पडद्यावर आल्या. बाई खूश झाल्या. ते मास्तर दिसत नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्यांना घरची फार ओढ होती, डेटेलिन म्हणाला.

मग तो सगळ्यांचं तोंड गोड करायला निघाला. माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी डबा ओळखला.

"घे गं, शिळी नाहीत. वाया कशाला घालवायची?"

मी हात लावला नाही. त्याने माझ्या वाटणीचं सोललं, खाल्लं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून पुढच्या टेबलाकडे गेला.