डावीकडं, अजून जरा

“डावीकडं. अजून. अजून जरा. हां, आता दाबा खाली.”

सरूबाई बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर खराटा घेऊन उभी होती आणि सावळा लांब दांड्याचा ब्रश पाण्यात घालून ती सांगेल तिकडे सरकवत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवरा मुकाट्यानं काम करतोय आणि बायको झाडता झाडता उगाच तोंड चालवतेय. तसं वाटावं म्हणूनच खराटा हातात होता. अंगण तिनं कधीच झाडून घेतलं होतं.

“निघालं का?” सावळानं विचारलं.

“निघालं. कोपऱ्यात पान हाय एक. ऱ्हाऊ द्या, जाळीनं काढते मी.”

सावळाला गेल्या दिवाळीपासून तलावाचा तळ दिसत नव्हता. निळं काहीतरी दिसे, त्यावर ऊन हललं तर तेही दिसे. फरशीवरची माती, शेवाळ, करंजाचं पान, यातलं काही दिसत नव्हतं. अकरा वर्षं तो पाण्यात क्लोरीनची पावडर टाकत आला होता. पाहुण्यांसाठी पोहण्याचे चार चष्मे कपाटात टांगलेले होते, पण पावडर टाकणाऱ्यालाही चष्मा लागतो हे ना कुणी त्याला सांगितलं, ना त्याला कधी सुचलं. एकदा वाऱ्यानं अख्खं भांडं तोंडावर उडालं, तेव्हा त्यानं तलावाच्याच पाण्यानं डोळे धुतले होते. पुढे तळेगावच्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं आणि बुबुळं पांढरी पडलीत म्हणून सांगितलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, असंही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई खराटा घेऊन काठावर येऊन उभी राहिली.

बंगला बेडशाच्या लेण्यांखाली, रस्त्यापासून जरा आत होता. मालकीणबाई उज्ज्वला मॅडम पुण्याच्या. शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना भाड्यानं जायचा, बाकीचे दिवस सावळा आणि सरूबाई. मागच्या बाजूला त्यांना एक खोली होती, पत्र्याची, पण दारात नळ होता. त्यांची वाडी वर डोंगरात, पाऊण तासाच्या चढावर. पूर्वी सावळा ती वाट अंधारात चढायचा आणि वर शीळ घालायचा. आता दिवसाढवळ्याही दगड कुठला आणि सावली कुठली ते कळत नव्हतं. हे काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की त्या वाटेनं वर जाऊन पडून राहायचं, मग खाली यायचं ते चौघांच्या खांद्यावर. सावळानं हे बायकोला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला ते सांगायची गरजही नव्हती.

सरूबाईची नजर चांगली होती, पण ती काही पाण्याखाली जाऊन बघत नव्हती. ऊन तिरपं असलं की खोल बाजूची माती काठावरून दिसत नसे. दोनदा राहून गेली. पाहुण्यांपैकी कुणीतरी फोनवर लिहिलं, बंगला छान, पण पोहताना पायाला गाळ लागतो. ते मॅडमनी वाचलं.

“सावळाभाऊ, मी आता ऑटोमॅटिक क्लीनर घेतेय,” मॅडम फोनवर म्हणाल्या. “मशीन पाण्यात सोडायचं, ते आपलं आपण तळ घासतं. तुमचंही वय झालं, किती वाकणार? या शनिवारी पाहुणे नाहीत, अतुल नावाचा माणूस दोन मशिनं दाखवायला आणतोय. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच सांगा, पूल तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?”

“व्हय ताई.”

“आणि ऐका, तोपर्यंत पूलला हात लावू नका. चार दिवसांचा कचरा साठू दे. मशीनची परीक्षा व्हायला हवी ना! फिल्टरची मोटर तेवढी रोजच्यासारखी पहाटे चालू करा.”

मॅडम मनापासून बोलत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. दर दिवाळीला सरूबाईला नवं लुगडं आणि सावळाला स्वेटर आणणाऱ्या होत्या.

ते चार दिवस सावळाला फार जड गेले. पहाटे उठून तो मोटर चालू करी आणि हात मागे बांधून काठावरून फेऱ्या मारी. वारा डोंगराकडून होता, म्हणजे करंजाची पानं खोल बाजूला पडणार, हे त्याला न बघता कळत होतं. पाण्याचा वासही बदलला होता. अकरा वर्षांत आजारपण सोडलं तर त्यानं तलाव असा टाकला नव्हता.

“लय घाण झालंय का गं?” तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

“झालंय,” सरूबाई म्हणाली, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा मोटरचा आवाज येत होता. तीच आधी उठली असावी. चहाचा कप घेताना तिच्या केसांचं पाणी त्याच्या मनगटावर पडलं.

“एवढ्या लवकर न्हालीस?”

“मॅडम यायच्यात,” ती म्हणाली.

दहाला गाड्या आल्या. अतुल हा तरुण, बोलका माणूस होता. त्यानं दोन्ही यंत्रं काठावर ठेवली. एकाला लांब वायर होती, दुसरं बॅटरीवरचं. मावळात वीज कशी येते-जाते ते माहीत असल्यानं मॅडमचा ओढा बॅटरीकडे होता. अतुल चाकं, ब्रश, कचऱ्याची जाळी असं एकेक समजावून सांगत होता आणि बोलता बोलता थांबला.

“मॅडम, पण पाणी तर स्वच्छच आहे.”

मॅडम काठाशी आल्या. “सावळाभाऊ, मी काय सांगितलं होतं?”

“न्हाई ताई, चार दिस झालं, हात न्हाई लावला,” सावळा म्हणाला. अगदी खरं होतं ते. “पानं आसतील बघा तळाला.”

“कुठे आहेत?”

सावळा पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. निळं होतं आणि त्यावर ऊन हलत होतं.

आलोच आहोत तर चालवून बघू, म्हणत अतुलनं वायरचं यंत्र पाण्यात सोडलं. अर्धा तास ते तळावरून घरघरत फिरलं. बाहेर काढून त्यानं जाळी उघडली आणि हसला. “काही नाही. चहाचा चमचाभर मातीसुद्धा नाही. थांबा... हे काय? काच?”

“काच? माझ्या पूलमध्ये काच?” मॅडमचा आवाज चढला. “अहो, लहान मुलं उतरतात त्यात!”

“बघू,” सावळानं हात पुढे केला. अतुलनं तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. सावळानं अंगठा फिरवला. तुकडा वाकडा होता, नखाएवढा, आणि वरून ज्वारीच्या कण्यांसारखे ठिपके हाताला लागत होते. मागच्या गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या देवळाबाहेर सरूबाईनं अशा ठिपक्यांच्या बांगड्या भरल्या होत्या. हिरव्या घेतल्या, असं तिनं त्याला मुद्दाम सांगितलं होतं.

खराट्याचा आवाज थांबला होता. ती कुठं उभी आहे ते त्याला त्यावरून समजलं.

“बाटलीची आसंल, ताई,” तो म्हणाला. “आणि टाकं मीच साफ केलं. सकाळी. ऱ्हावलं न्हाई.”

“राहवलं नाही की मशीन नको होतं?” मॅडम म्हणाल्या. “वर तोंडावर खोटं बोललात. सावळाभाऊ, अकरा वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं हो तुमच्याबद्दल.”

सावळानं मूठ मिटली. तुकडा तळव्यात रुतला तरी त्यानं ती उघडली नाही. लबाड म्हणून कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं त्याच्याकडे, आणि आज मान खाली घालून ऐकून घ्यावं लागत होतं. बुधवारी पुन्हा येतो, तोवर खरोखर हात लावू नका, असं सांगून गाड्या गेल्या.

खोलीत आल्यावर तो म्हणाला, “हात दाव.”

सरूबाईनं हात पुढे केला. त्यानं बांगड्या चाचपल्या, एक कमी होती. मनगटावर ओरखडा होता.

“पान्यात उतरलीस?”

“मंग? दांडा तुमच्या उशापाशी. तो घ्याया गेले आसते तर उठला आसता तुमी. हातानंच घासलं. खोलात बुडी मारून.” मग ती एकदम भडकली. “चार दिसांची घान त्या मानसाम्होरं उघडी टाकायची व्हय? आन म्हनायचं, बगा, आमचा मानूस कसा काम करतो? मला वाटलं, मिशिनीला कायबी गावलं न्हाई तर म्हनतील, कशाला पायजे मिशिन. चांगलं हाय की हितं.”

“आता मला लबाड म्हनत्यात.”

“मग सांगायचं, बायकोनं केलं म्हनून!”

“आन बायकोनं का केलं म्हनून इच्यारलं आसतं, तर?”

सरूबाईनं हात मागे घेतला. तिला रडू आलं होतं, आणि ते त्याला दिसत नाही म्हणून तिनं पुसलंही नाही.

बुधवारी तलाव खरोखरच घाण होता. अतुल खूश झाला. आधी वायरचं यंत्र फिरलं, मग बॅटरीचं. मॅडम शनिवारच्या रागातच होत्या, सावळाशी बोलत नव्हत्या. शेवटी अतुलनंच विचारलं, “काका, तुम्हाला कुठलं बरं वाटतं?”

सावळा दोन्ही वेळा काठावर उकिडवा बसून ऐकत होता. खोल बाजूला उतार होता, तिथं फरशीवर बुळबुळीत थर धरायचा. बॅटरीचं यंत्र तिथं आलं की घरघर हलकी व्हायची आणि तसंच चालू राहायचं. चाक जागच्या जागी फिरत होतं. ते घ्या म्हणाला असता तर उतारावरची माती तशीच राहिली असती, आणि उतारावरच्या मातीसाठी एक ब्रशवाला माणूस लागला असता. हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही.

“वायरचं घ्या, ताई,” तो म्हणाला. “दुसरं चढावर घसरतंय. तितं साफ व्हनार न्हाई.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. राग उतरला असावा. “बरं झालं विचारलं,” त्या म्हणाल्या.

“काका म्हणजे एक्स्पर्ट आहेत!” अतुलनं वायरच्या यंत्राची भरलेली जाळी त्याच्यापुढे धरली. “बघा केवढा कचरा! बेडूकसुद्धा आलाय.”

“लय हाय की,” सावळा कौतुकानं म्हणाला, आणि मान हलवत अतुलच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे बघत राहिला.

मॅडमनी त्याच्या तोंडापुढून हात नेला.

“सावळाभाऊ, तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं. जरा... ऊन आसलं की...”

“किती दिवस झाले?”

सरूबाई खराटा टाकून पुढे आली. “मला दिसतंय की, ताई,” ती म्हणाली. “मला सगळं दिसतंय. आमी दोगं मिळून करतो. तुमच्याच पावडरीनं गेलं त्येंचं डोळं.”

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, “सरूबाई, मी डॉक्टरांचं बघते. जे लागेल ते करते. पण शनिवारी इथं वीस-वीस माणसं असतात. एखादं मूल खाली गेलं, आणि काठावर हे असले, तर?”

सावळानं या प्रश्नाचा वर्षभर रोज विचार केला होता. पाहुणे असले की तो जेवायलाही जात नसे, काठावर बसून पाण्याचे आवाज ऐकत राही. पण ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

“बराबर हाय, ताई,” तो म्हणाला.

दसऱ्यानंतर त्यांच्या जागी कामाला नवं जोडपं येणार होतं. जायच्या दिवशी सावळानं ब्रश धुऊन दांडा भिंतीला लावून ठेवला, पावडरीच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. यंत्र पाण्यात सोडलेलं होतं, घरघरत होतं. अंथरुणाचं गाठोडं त्याच्या खांद्यावर होतं, भांड्यांचं सरूबाईच्या डोक्यावर. वाट तलावाच्या काठानंच फाटकाकडे जात होती. ती त्याच्यापुढे दोन पावलं चालत होती, आणि चालता चालता थांबली.

कोपऱ्यात करंजाचं पान पडलं होतं. यंत्र त्याच्यापर्यंत आलं, वळलं, परत आलं आणि पुन्हा वळलं.

“डावीकडं,” सरूबाई पाण्याकडे बघत पुटपुटली. “अजून. अजून जरा.”

मागे सावळानं गाठोडं सावरलं, आणि तिनं सांगितलं तसा तो डावीकडं एक पाऊल सरकला.