कोरड्या कातडीवरची खरखर

अक्का पुन्हा पडली ती न्हाणीघराच्या दारात. डोक्याला लागलं नाही, मनगट तेवढं सुजलं.

बापू तिचा धाकटा भाऊ. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला. आता गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरत होते. डॉक्टरांना शंका होती की अक्काचं हृदय मधेच ठोका चुकवतं. पण खात्री झाल्याशिवाय छातीत ठोके सांभाळणारं यंत्र, म्हणजे पेसमेकर, बसवायला ते तयार नव्हते. हृदयाच्या आलेखात मोठ्या ठोक्याच्या आधी एक लहानशी लाट येते. ती येऊनही मागून ठोका पडत नसेल, तर यंत्र हवंच. दवाखान्याचं हा आलेख टिपणारं, गळ्यात अडकवायचं यंत्र दोनदा लावून झालं, दोन्ही वेळा ती लाट रेघेवरच्या खरखरीत बुडाली. तेव्हा बापू म्हणाला, मीच एक बनवतो. बोलून बसला आणि अडकला.

पहिल्या खेपेला त्याने काटकसर केली. बॅटरी आठवडाभर पुरावी म्हणून सर्वांत कमी वीज खाणारा ऑप-अँप घातला. हृदयाचा इवलासा इशारा मोठा करून दाखवणारी चिप ती. पण कमी खाणारी चिप स्वतःच कुजबुजत राहते, आणि वीज वाचवायला घातलेले मोठाले रेझिस्टर तिला साथ देतात. लाट दिसेना. मग त्याने चिडून सगळ्यांत शांत म्हणून नावाजलेली चिप आणली, रेझिस्टर लहान केले, पट्ट्या स्वतःच्या छातीला चिकटवल्या. रेघ इतकी स्वच्छ आली की त्याला आपल्याच हृदयाचा हेवा वाटला. बॅटरी मात्र दिवसभरात बसायची.

"म्हणजे रोज सकाळी आधी याला खाऊ घालायचं, मग मी चहा घ्यायचा," अक्का म्हणाली. "सासू परवडली."

तरी तिने लावून घेतलं. संध्याकाळी पाहावं तर पुन्हा खरखर, पहिल्याहून जास्त. बापूने वायरी बदलल्या, यंत्राच्या डबीला आतून पत्रा लावला, सगळे सांधे नव्याने सोल्डर केले. स्वतःला लावलं की स्वच्छ, अक्काला लावलं की खरखर. त्याच्या नाकी नऊ आले. इकडे अक्का भिंत धरून चालायला लागली. एकटी आंघोळीला जाईना. तिची लेक कामावर गेली की ती येईपर्यंत पलंगावर बसून राहायची.

एका दुपारी तो पट्ट्या काढत होता.

"हळू ओढ रे. कातडी कुठं उरलीय, नुसता कागद झालाय. तुझ्यासारखी घामट असते तर बरं होतं."

बापू पट्टी हातात धरून तसाच थांबला. दुरुस्त केलेलं प्रत्येक यंत्र त्याने आजवर स्वतःच्याच छातीवर तपासलं होतं. त्याची कातडी ओलसर, वीज सहज जाऊ देणारी. या शांत चिपच्या तोंडाशी थोडासा करंट सारखा चुळबुळत असतो. ओल्या कातडीवर त्याचा पत्ताही लागत नाही. कोरडी कातडी त्याला अडवते, आणि ती चुळबुळच खरखर होऊन उमटते. एवढं साधं त्याला ठाऊक होतं. फक्त अक्काची छाती त्याने कधी हिशेबात धरली नव्हती.

त्याने तिसरी चिप आणली. शांत म्हणून हिचं नाव मधल्या फळीतलं, पण तोंडाशी करंटची चुळबुळ जवळजवळ नाहीच. या वेळी त्याने स्वतःला लावून पाहिलंच नाही. सरळ अक्काला आडवं केलं. ती पुटपुटत पडून राहिली, आणि तो पडद्यासमोर बसला.

लाट दिसली. लहान, गोल, प्रत्येक ठोक्याच्या आधी. बापूला हसूही आलं नाही, इतका तो थकला होता. मग एक लाट एकटीच आली. मागून काही नाही, रेघ सपाट. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. त्याने चष्मा पुसून पाहिलं. ही खरखरच निघावी असं त्याला मनापासून वाटलं, पण खरखर कुठंच नव्हती.

"दिसतंय का काही?"

"दिसतंय."

"मग सांग की."

"यंत्र बसवावं लागेल, अक्का."

तिच्या पायांवरची चादर त्याने उगाच नीट केली.

"बसवताना माणसाला जागंच ठेवतात म्हणे," ती म्हणाली. "तू बाहेर बस. लेकीला सुट्टी नसते."

बसेन, असं म्हणून बापूने पट्टीची कड नखाने हळूच सोडवायला घेतली.