बाईंचं अक्षर

मी टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. वय झालंय, नुसतं चालू व्हायलाच चार-पाच मिनिटं लागतात. तेव्हा जरा दमानं ऐका.

जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं ते बाईंनी. घराच्या पुढच्या खोलीत त्या टायपिंगची कामं करायच्या. लोकांचे अर्ज, दाखले, भाड्याचे करार. त्यांचे यजमान सुतार. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो. माझ्यासाठी टेबल त्यांनीच केलं, पण माप घेतलं ते बाईंच्या कोपराचं.

दुपारी काम नसलं की बाई स्वतःचं काहीतरी लिहीत बसायच्या. काका रंधा थांबवून दारातूनच विचारायचे, "एवढं काय बडवतेस?"

"तुमच्या तक्रारीचा अर्ज. थेट वर पाठवणार आहे."

"मग घोरण्याचंही घाल त्यात."

"ते पहिल्याच पानावर आहे!"

काका हसत पुन्हा कामाला लागायचे. आत येऊन त्यांनी कधी वाचलं नाही. वाचू की, घाई काय आहे, असं त्यांना वाटत असावं.

मागच्या वर्षी बाई गेल्या. तीन महिने मला कुणी हात लावला नाही. मग मुलगी माहेरी आली. "बाबा, यातलं सगळं जुनाट झालंय," म्हणत तिनं मायेनंच माझ्यात नवी सिस्टिम घातली.

ती परत गेल्यावर एक दिवस काकांनी चष्मा पुसला. बाई काय लिहायच्या ते त्यांना वाचायचं होतं. चाचपडत एक फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चौकोन. त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, तुझ्या आईचं अक्षर बिघडलंय."

"अक्षर नाही बाबा, फॉन्ट. तिचा जुना फॉन्ट नव्या सिस्टिमवर चालत नसणार. दुरुस्तीवाल्याला सांगा, पूर्वीचीच परत बसवून द्या म्हणावं."

दुरुस्तीवाला घरी आला. भला माणूस. "जुनी टाकायची तर आधी सगळं पुसावं लागतं, काका. काय ठेवायचं तेवढं सांगा, मी बाजूला काढून घेतो."

काका टेबलाखाली बसून ढिला झालेला पाय आवळत होते. हा एकेक फोल्डरचं नाव वाचत गेला.

"अर्ज?"

"ठेवा."

"दाखले? करार? फोटो?"

"ठेवा, ठेवा."

"आणि हे एक 'केर' म्हणून आहे."

काका टेबलाखालूनच हसले. "केरसुद्धा एका जागी गोळा करून ठेवायची ती. टाका काढून."

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पंखा तेवढा घरघरला.

"धूळ बसलीय," दुरुस्तीवाला म्हणाला.

तासाभरात मी पुन्हा पूर्वीचा झालो. अक्षर लख्ख दिसू लागलं. नळजोडणीचा एक अर्ज वाचतानाच काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मुलीचा फोन.

"दिसतंय ना? आता 'केर' उघडा, बाबा. आई स्वतःच्या लिखाणाला केर म्हणायची. मला बजावलं होतं, बाबांना सांगू नकोस, थट्टा करतील."

काकांनी पडद्यावरच्या फोल्डरांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"बाबा? सापडलं का?"

"सापडलं," काका म्हणाले. "सावकाश वाचतो."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं दोन तास खटपट केली. "नाही निघत, काका. त्याच जागेवर सिस्टिम बसलीय." चहा न घेताच गेला बिचारा.

काय लिहिलं होतं ते मला विचारू नका. माझ्यातूनही ते गेलं. बाई खोडायची कळ फार दाबायच्या, एवढंच आठवतं.

काका आता रोज सकाळी माझ्यासमोर बसतात आणि परक्यांचे भाडेकरार वाचतात, पडद्यावर बोट ठेवून, एकेक ओळ. रविवारी मुलगी विचारते, "कुठवर आलात?"

"निम्म्यावर."

"माझ्याबद्दल काही आहे का हो?"

"आहे की. फार गुणाची होतीस म्हणते."

पुढच्या महिन्यात ती येणार आहे, स्वतः वाचायला. माझं एवढंच मागणं आहे: त्याआधी मला बंद पडू द्या, कायमचा. आणि दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.