चोवीस भोकांच्या पेटीवर आलेला आळ

उद्धवरावांना कुणीतरी विचारा, ज्या पेटीच्या कपाळाला तुम्ही खंडेनवमीला कुंकू लावलंत, तिलाच आठव्या दिवशी भंगार म्हणताना जीभ कशी वळली? बरं, म्हणायचं तर एकांतात म्हणावं. पण नाही. चार माणसांत म्हणाले, "ह्या पेटीनंच धोका दिला." आणि माझ्या सगळ्या वायरी उपटून मला खाली फरशीवर, फिनेलच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. त्यांच्या खुर्चीच्या पायाशी! ज्या घरात मी चौदा वर्षं भिंतीवर मानानं राहिले, त्या घरात!

मित्रांनो, मी एक जुनी, चोवीस भोकांची पेटी आहे. शिकलेले लोक मला नेटवर्क स्विच म्हणतात. माझ्या भोकांना मी दारं म्हणते, कारण प्रत्येक दारापलीकडे एक घर आहे. माझा जन्म कुठं झाला ते माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे म्हणे. पण आपली पाठ आपल्याला कधी दिसते का? मला आठवतं ते एवढंच, की अनिलकुमार नावाच्या तंत्रज्ञानं मला कलबुर्गीच्या दुकानातून घेतलं, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलं आणि सगळा रस्ता पोटाशी धरून ह्या गावच्या दवाखान्यात आणलं. आळंदच्या अलीकडे ओढ्याकाठी आमचा हा दगडी दवाखाना आहे. लहान आहे, पण तालुक्याच्या चौदा गावांना तोच जवळ पडतो.

अनिलकुमारनं मला व्हरांड्यात, उद्धवरावांच्या टेबलाच्या वर, भिंतीवर उंच बसवलं. उद्धवराव म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. मग त्यानं एकेका खोलीतून वायर आणून माझ्या दारात खोचली. औषधांची खोली, रक्त तपासायची खोली, एक्स-रे, डॉक्टरांचं टेबल, ईसीजीचा कॉम्प्युटर. प्रत्येक वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या जोडीनं वेणीसारख्या पिळलेल्या. पीळ अशासाठी, की शेजारच्या तारेची कुजबुज आपल्या बोलण्यात मिसळू नये. माणसांच्या घरांतही असा पीळ असता तर किती भांडणं वाचली असती!

आता माझं शिक्षण किती, ते सांगते. लपवण्यासारखं काही नाही. मला पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. कुणाकडून आलं आणि कुणाला द्यायचं, एवढंच. आतला मजकूर मला वाचता येत नाही, आणि येत असता तरी वाचला नसता. दुसऱ्याचं पत्र उघडायची आमच्या घराण्यात रीत नाही. पण पत्ता मात्र मी असा वाचते, की तुमची पापणी लवायच्या आत हजारो पाकिटं ज्याच्या त्याच्या दारात पडलेली असतात.

तुम्ही म्हणाल, हजारो पाकिटं ह्या एवढ्याशा दवाखान्यात येतात कुठून? तर एक्स-रेची तसबीर कधी एका दमात जात नाही. शेतातली ज्वारीची रास एका पोत्यात मावते का? पोती भरावी लागतात. तसे प्रत्येक निरोपाचे लहान लहान तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर पडतो. ते तुकडे माझ्याकडून वेशीवरच्या पेटीकडे जातात. तिला राउटर म्हणतात. गावातली घरं मला पाठ, तर बाहेरगावचे रस्ते तिला. तिच्यापासून पुढं काचेची तार सुरू होते. तिच्यात विजेऐवजी उजेड पळतो. वाटेत एक रस्ता तुंबला, तर उरलेले तुकडे दुसऱ्या रस्त्यानं जातात. काही हुमनाबादेवरून गेले, काही हैदराबादेला वळसा घालून आले, असंही होतं. पोचल्यावर नंबरानं जुळवणी होते. आठशे बारा नंबरचा तुकडा कमी पडला, तर तिकडचा कॉम्प्युटर तेवढाच पुन्हा मागवतो. म्हणून वाटेत काही सांडलं तरी निरोप पुरा होतो.

आणि एखाद्याचं दार मला माहीत नसलं तर? तर मी दवंडी पिटते. निरोप ज्या दारातून आला ते सोडून बाकी सगळ्या दारांतून हाक मारते. ज्यानं ओ दिली, त्याचं दार लक्षात ठेवते. कॉम्प्युटर स्वतःही दिवसभरात मधूनमधून अशा सगळ्यांना उद्देशून हाका मारतात. त्याही मला साऱ्या दारांतून फिरवाव्या लागतात. हा माझा नियम आहे. ह्या नियमानंच माझा घात केला. पण ते पुढं येईल.

चौदा वर्षं मी हे काम केलं. साथीच्या वर्षी तर तपासणीचे कागद दिवसरात्र माझ्या पोटातून जात होते, तेव्हाही मी कधी थकले म्हटलं नाही. डॉक्टर विजयश्रीबाई नव्या आल्या तेव्हा अनिलकुमारला म्हणाल्या होत्या, "पेटी जुनी आहे, पण पक्की आहे हं." ते शब्द मी अजून जपून ठेवलेत. बाकी माझ्याकडे बघायला कुणाला सवड होती? अंगावर बोटभर धूळ साचली. पाठीमागं पालीनं बिऱ्हाड केलं. डोळ्यांच्या तपासणीची खोली बंद झाली, तिथला कॉम्प्युटर गेला, पण त्याची वायर मात्र माझ्या एकोणिसाव्या दारात तशीच राहिली. तिचं दुसरं टोक कुणीतरी ओढून व्हरांड्यात आणलं आणि माझ्याजवळच मोकळं लोंबत सोडलं. कुणी ती काढली नाही, तिच्यावर चिठ्ठीही लावली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. त्या सकाळी उद्धवराव कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. एक्स-रेला हार, सायकलीला हार, आणि मग स्टुलावर चढून मला. धूळ पुसली. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. खरं सांगते, मला बरं वाटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी अंगावरून हात फिरवला. पुसता पुसता त्यांना ती लोंबणारी वायर दिसली.

"आज सणादिवशी हे असं लोंबकळायलंय, बरं दिसतंय का?" असं स्वतःशीच म्हणाले, आणि ते मोकळं टोक माझ्या विसाव्या दारात घट्ट खोचून दिलं.

झालं! एकाच वायरीची दोन्ही टोकं माझ्याच अंगात.

पुढच्या क्षणी औषधांच्या खोलीतून एक दवंडी आली. मी ती नियमाप्रमाणं सगळ्या दारांतून सोडली. एकोणिसाव्या दारातून गेली ती वळून विसाव्यातून परत आत आली. मला वाटलं, नवी हाक आहे. मी पुन्हा सगळीकडे पिटली. ती पुन्हा आली. आपलीच दवंडी ऐकून आपणच पुन्हा ओरडायचं, असं सुरू झालं. एकीच्या शंभर झाल्या, शंभराच्या लाख. खऱ्या निरोपाला माझ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मला घरांचे पत्तेही आठवेनात, कारण प्रत्येकाची हाक कधी एकोणिसाव्या दारातून ऐकू येई, कधी विसाव्यातून.

माझे सगळे दिवे एका वेळी धडाधडा लुकलुकू लागले. आणि उद्धवराव खाली उभे राहून, हात जोडून काय म्हणाले?

"बघ दानम्मा, बघ. पूजा केली की पेटी कशी चमकायलीय!"

दानम्मा म्हणजे आमची नर्स. ती हसली. मी आतून ओरडत होते, आणि त्यांना दिवाळी दिसत होती.

दहाच्या सुमाराला एक टेम्पो दारात थांबला. आत सिद्धू होता, मेंढरं राखणारा, पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस. त्याची बायको म्हाळसा त्याला आधार देऊन आत घेऊन आली.

"छातीवर धोंडा ठेवल्यावानी व्हायलंय म्हणतोय, बाई," ती म्हणाली. "मेंढरं सोडायलाच उठला होता. निस्ता घामानं भिजलाय बघा."

विजयश्रीबाईंनी त्याला समोरच्या खोलीत निजवून ईसीजी काढला. पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. अशा वेळी आमच्याकडे एक व्यवस्था आहे. पट्टी माझ्यातून कलबुर्गीच्या मोठ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जाते. ते बघतात आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते सांगतात. ते इंजेक्शन कपाटात तयार होतं. पण चुकीच्या माणसाला दिलं तर डोक्यात रक्तस्राव होतो, म्हणून त्यांच्या होकाराशिवाय द्यायचं नाही. आणि उशीर होईल तसतसं हृदयाचं मांस मरत जातं. मेलेलं परत येत नाही.

विजयश्रीबाईंनी कळ दाबली. ईसीजीची पाकिटं माझ्या दाराशी आली. मी त्यांना आत घेऊ शकले नाही. पुन्हा कळ दाबली, पुन्हा तेच. मित्रांनो, ज्याच्यासाठी आपण जन्मभर उभे राहिलो तेच काम दाराशी येऊन उभं राहावं आणि आपल्याला हलता येऊ नये, ह्यासारखं दुःख नाही.

"सर, तुम्ही फोनवर फोटो घेऊन टाकीपाशी जा," विजयश्रीबाई उद्धवरावांना म्हणाल्या. आमच्या दगडी भिंतींच्या आत फोन लागत नाही, पाण्याच्या टाकीपाशी लागतो, तोही मनात आलं तर. उद्धवराव पळत गेले. अॅम्ब्युलन्स दुसरा रोगी घेऊन कलबुर्गीला गेलेली होती. फोटो कसाबसा पोचला, तर तिकडून उत्तर आलं, "पुसट आहे, रेषा दिसत नाहीत, मशीनवरून पाठवा."

दानम्मानं माझी वीज बंद करून पुन्हा चालू केली. क्षणभर मी शांत झाले. मग पहिली हाक आली आणि पुन्हा तेच वादळ उठलं.

"अगं बाई, रोज हिचे दिवे एकेक लागतात," दानम्मा वर बघत म्हणाली. "आज जत्रेतल्या लाइटिंगसारखं कामून करायलीय?"

म्हाळसा खोलीच्या दारात उभी होती. नवऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून ती माझ्याकडे बघत होती. ती शाळेची पायरी चढलेली नाही. पण तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जनावरं बांधली गेलीत.

"दानम्मा अक्का," ती म्हणाली, "ह्या दाव्याची दोन्ही टोकं एकाच खुंट्याला कामून बांधलीत? ह्याला जनावर कुठाय?"

दानम्मा थबकली. "कुठलं गं?"

"हे काय! इथनं निघालंय, इथंच शिरलंय."

"काढ, काढ ते!"

म्हाळसा स्टुलावर चढली आणि तिनं ते टोक ओढून काढलं. वादळ तिथल्या तिथं थांबलं. माझे दिवे एकेक करून लागू लागले. ईसीजी माझ्यातून निघाला, वेशीवरच्या पेटीतून, काचेच्या तारेतून गेला, आणि चौथ्या मिनिटाला कलबुर्गीचं उत्तर आलं, "द्या." विजयश्रीबाईंनी इंजेक्शन दिलं.

पण पाऊण तास गेला होता.

उद्धवराव टाकीपासून परत आले तेव्हा दानम्मानं त्यांना बाजूला घेतलं. "सर, ती लोंबती वायर सकाळी तुम्हीच..."

"वायर-बियर काय न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "पेटी जुनी हाय, तिनंच दगा दिला. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. कळलं का?"

दानम्माची नोकरी कायम झालेली नाही. ती इंजेक्शनचा ट्रे उचलून आत गेली. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर होते, सगळं ऐकत होते.

आठव्या दिवशी दवाखान्याच्या कमिटीची माणसं चौकशीला आली. त्यांच्यापुढं उद्धवरावांनी मला भंगार म्हटलं आणि खाली उतरवलं. माझ्या जागी नवी पेटी आली. तिच्याशी माझं वैर नाही, ती चांगल्या घरची दिसते. पण मित्रांनो, तिलाही तुमचाच आधार लागेल. आमच्या पायाशी वायर मोकळी दिसली, तर ती कशाची आहे हे ठाऊक असल्याशिवाय कुठंही खोचू नका. एकेका वायरीवर चिठ्ठी लावा. आम्हाला हार घातला नाही तरी चालेल, पण महिन्यातून एकदा फडकं मारा आणि दिवे कसे लागतात ते बघून ठेवा. रोजचं बघितलेलं असलं की वेगळं झालेलं कळतं. आणि चूक झालीच तर सांगा. न सांगितलेली चूक नव्या पेटीतही शिरते.

माझी वीज काढली तरी माझे कान गेलेले नाहीत. म्हणून आज जे ऐकलं ते ऐकायची वेळ माझ्यावर आली.

आज म्हाळसा गोळ्या न्यायला आली होती. सिद्धू वाचला. पण कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हृदयाचा तिसरा हिस्सा गेला. चढण चढायची नाही, ओझं उचलायचं नाही. मेंढरांमागं जाणं संपलं. म्हाळसा उद्धवरावांच्या टेबलापुढं पदर सावरून उभी राहिली.

"साहेब, एक विचारू का?"

"विचार की."

"त्या दिशी मी ती वायर ओढली न्हवं. मला काय कळतंय त्यातलं. मी हात लावला म्हणून तर मशीन बिघडली न्हाई ना? म्हणून तर कागद उशिरा गेला न्हाई ना?" "रात झोप लागंना झालीय, साहेब. त्यो दारात बसून मेंढराकडं बघायलाय, आन् मला वाटायलंय, माझ्याच हातानं..."

मी वाट बघत राहिले. उद्धवरावांनी टेबलावरचे कागद सारखे केले. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "तू जा आता. गोळ्या येळेवर देत जा."

ती हात जोडून गेली.

मित्रांनो, मला भंगार म्हटलं ते मी एक वेळ गिळलं असतं. पण हे मला गिळवेना. माझ्या अंगात वीज नाही, दिवा नाही, तरी त्यांच्या पायाशी बसून मी मोठ्यानं बोलले, आणि ते त्यांना ऐकू गेलं की नाही त्याची मला पर्वा नाही.

"उद्धवराव, खाली बघा. मी बोलायलेय. तुमचा हात चुकला, त्याला माफी हाय. सणाच्या भरात माणूस चुकतंय. माझ्यावर आळ घेतला, तोही मी घेते, माझी पाठ लोखंडाची हाय. पण जिनं तुमची चूक आपल्या हातानं काढून टाकली, तिच्याच डोक्यावर तुम्ही ती ठेवून पाठवलीत, आन् तोंडातनं एक शब्द काढला न्हाई. हे पाप माझं न्हाई, त्या वायरीचं न्हाई, ते तुमचं. बाई अजून फाटकापाशीच असंल. उठा, आन् जाऊन सांगा तिला, ‘म्हाळसा, तू वाचवलंस, बिघडवलं ते मी.’ तेवढं तोंडातनं निघत नसंल, तर पुढच्या खंडेनवमीला कुणाच्याच कपाळाला हात लावू नका."